टेबलाखाली सापडली केसरबाईंची तबकडी, आज आहे ताऱ्यांच्या वाटेवर

नागाव (ता. अलिबाग) : नागाव, आक्षी, चौल या पट्ट्यात जुनं कौलारू घर पाडायला काढलं की आधी माळा रिकामा होतो. तांब्याचा हंडा निघतो, मोडका पाळणा निघतो, पाटा-वरवंटा निघतो. आणि कधीतरी एखाद्या गंजलेल्या ट्रंकेतून कागदी पाकिटातल्या काळ्या, जड तबकड्या निघतात. जुनी माणसं त्यांना प्लेट म्हणायची. मुंबईला नोकरीला असलेला घरातला कोणी रेवसच्या लाँचने गावी येताना हौसेने घेऊन आलेला असायचा. आता फोनो कधीचाच गेलेला, वाजवणार कशावर? भंगारवाला तांब्याला भाव देतो, लोखंडाला देतो, या प्लेटांना देत नाही. मग त्या पोरांच्या हाती लागतात, नाहीतर वाडीच्या कडेला पडून फुटतात.

अशीच एक गाण्याची तबकडी १९७७ साली न्यूयॉर्कमधल्या एका दुकानात टेबलाखाली खोक्यात पडलेली होती. त्यातलं साडेतीन मिनिटांचं गाणं आज माणसाने बनवलेल्या सगळ्या वस्तूंपेक्षा पृथ्वीपासून लांब पोचलंय. गाणारी बाई आपल्याच कोकणपट्टीची, खाली गोव्यातली. नाव केसरबाई केरकर.

केसरबाईंचा जन्म १३ जुलै १८९२ चा. गाव केरी, तालुका फोंडा. तेव्हा गोव्यात पोर्तुगीजांचं राज्य होतं. केरी म्हणजे आपल्या नागावसारखंच गाव समजा, माड-पोफळीचं, देवळाभोवती वाढलेलं. फरक इतकाच की तिथे समुद्र दारात नाही. केसरबाई कलावंत समाजातल्या. या समाजातल्या बायकांनी देवळात आणि मैफलीत गाणं जिवंत ठेवलं, आणि त्याच गाण्यासाठी लोकांनी त्यांना नावंही ठेवली. टाळ्या वाजवायच्या आणि मानाच्या पंगतीला मात्र बोलवायचं नाही, असा तो काळ. केसरबाईंच्या स्वभावाचा करारीपणा आणि पुढे लोकांना टोचणारा त्यांचा ताठा समजून घ्यायचा तर हे आधी लक्षात ठेवावं लागतं.

पोरीचा गळा चांगला आहे हे घरच्यांनी लवकर ओळखलं. आठ वर्षांची असताना तिला कोल्हापूरला नेलं आणि अब्दुल करीम खाँ यांच्याकडे बसवलं. तिथली तालीम मिळाली जेमतेम आठ महिने. परत गोव्यात आल्यावर रामकृष्णबुवा वझे तिकडे येत तेव्हा त्यांच्याकडे शिकायचं, बुवा गेले की थांबायचं. सोळाव्या वर्षी आई आणि मामाबरोबर मुंबईला आली. तिथे सतारीये बरकतुल्ला खाँ यांच्याकडे काही काळ, भास्करबुवा बखल्यांकडे थोडे दिवस. एका गुरूकडे घडी बसतेय म्हणेपर्यंत तो गुरू दुसऱ्या गावाला निघालेला. आज एखाद्या मुलीची दर वर्षाला शाळा बदलली तर तिचं जे होईल तेच केसरबाईंच्या गाण्याचं होत होतं. गळा होता, बुद्धी होती, पण एक पक्की वाट नव्हती.

ती वाट मिळाली १९२१ साली. तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. गुरू होते उस्ताद अल्लादिया खाँ. मूळचे राजस्थानकडचे, पण कोल्हापूरच्या दरबारात शाहू महाराजांच्या पदरी राहून महाराष्ट्राचेच झालेले. जयपूर-अत्रौली घराण्याची गायकी म्हणतात ती त्यांनीच घडवली. अनवट राग, दोन रागांची गाठ मारलेले जोडराग, आणि एका दमात गोल फिरत जाणारी, कुठे सुरू झाली नि कुठे संपली ते पटकन कळू न देणारी तान. हे गाणं अवघड. खाँसाहेब कोणालाही सहज शिष्य करत नसत. केसरबाईंनाही त्यांनी लगेच हो म्हटलं नाही. पण शेठ विठ्ठलदास द्वारकादास यांचा पाठिंबा होता आणि बाईंची चिकाटी होती. अखेर गंडा बांधला.

पुढची अकरा वर्षं एकच काम. सकाळी तालीम, दुपारी रियाज, संध्याकाळी पुन्हा रियाज. ज्या वयात इतर गायिका नाव कमावून बसलेल्या असतात त्या वयात ही बाई पाटी पुसून पुन्हा बाराखडीपासून बसली. १९३० च्या सुमारास त्या व्यावसायिक मैफली करू लागल्या, तरी शिकणं सोडलं नाही. खाँसाहेब थकले, आजारी पडले, तरी तालीम चालूच. १९४६ साली मुंबईत खाँसाहेब वारले तेव्हाच ती थांबली. म्हणजे पंचवीस वर्षं.

आता इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. ज्या अल्लादिया खाँसाहेबांनी एवढं मोठं घराणं उभं केलं, त्यांचा स्वतःचा आवाज आज कोणालाही ऐकता येत नाही. त्यांनी तबकडी काढूच दिली नाही. भास्करबुवा बखल्यांचंही तसंच, त्यांच्या गाण्याचं ध्वनिमुद्रण नाही. ग्रामोफोन कंपनीने भारतात गाणी भरायला सुरुवात केली १९०२ साली, कलकत्त्यात. दोघेही त्यानंतर अनेक वर्षं गात होते. संधी नव्हती असं नाही. पण मोठ्या गवयांना ही नवी वस्तू रुचेना. आयुष्यभराची विद्या लोकांच्या हाती फुकट जाईल ही भीती एक. दुसरं कारण त्याहून खरं. तबकडीच्या एका बाजूला मावायचं तीन-साडेतीन मिनिटं. जो माणूस एक राग तासभर उलगडतो, त्याने साडेतीन मिनिटांत काय गायचं? वाडीतली शंभर झाडं दाखवायची आणि हातात एक सुपारी द्यायची, असलाच तो प्रकार.

केसरबाईंनी मात्र तबकड्या दिल्या. एचएमव्हीसाठी दिल्या, ब्रॉडकास्ट कंपनीसाठी दिल्या. पण मोजून मापून. आपलं गाणं जगापुढे कसं जावं याबाबत त्या फार काटेकोर होत्या, त्यामुळे तबकड्यांची संख्या थोडीच राहिली. मैफलीत कोणी चोरून टेप लावलेला त्यांना बिलकूल खपत नसे, अशी त्यांची ख्याती. समोर राजा असो की शेठ, गाणं ऐकायचं तर समोर बसून, लक्ष देऊन ऐका. त्यांच्या मैफलीला लोक दबकून बसत. कोणाला हा अहंकार वाटला, आणि थोडा होताही. पण लहानपणापासून गाण्याचा मोबदला आणि गाणारीचा मान या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या जाताना ज्या बाईने पाहिल्या, तिने आपल्या गाण्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवली तर त्यात नवल नाही.

आवाज कसा होता? सांगून कळण्यातला तो नाही, पण कोणी पहिल्यांदा ऐकणार असेल तर एवढं सांगता येईल. बायकी, नाजूक, मधाळ असं काही डोक्यात ठेवून ऐकू नये. रुंद, भरदार, उघडा आकार. खालच्या सुरात जेवढा जाड, वरच्या सुरात तेवढाच. भरतीच्या वेळी नागावच्या किनाऱ्यावर पाणी आत येतं तेव्हा लाट फुटायच्या आधी नुसती उचलली जाते, तसा तो सूर येतो. घाई नाही आणि थांबणंही नाही.

मान मिळाला. रवींद्रनाथ टागोरांना त्यांचं गाणं आवडायचं. कलकत्त्याच्या रसिकांनी सूरश्री ही पदवी दिली आणि ती नावालाच चिकटली. १९५३ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, १९६९ मध्ये पद्मभूषण. त्याच वर्षी महाराष्ट्र सरकारने त्यांना राज्यगायिका केलं. पण त्याआधीच, १९६३-६४ च्या सुमारास, त्यांनी जाहीर गाणं बंद केलं होतं. गळा अजून साथ देत होता तोवरच. लोक बास म्हणायच्या आधी आपण थांबायचं, हा हिशेब त्यांनी स्वतःच केला. शिष्यांचा गोतावळाही जमवला नाही. उतारवयात कोल्हापूरच्या धोंडूताई कुलकर्णी यांना तेवढी मनापासून तालीम दिली. धोंडूताई २०१४ साली गेल्या.

तर असा सगळा हिशेब. गुरूचा आवाज कायमचा गेलेला. स्वतःच्या तबकड्या थोड्या. जाहीर गाणं बंद. शिष्या म्हणावी अशी एक. सत्तरच्या दशकात केसरबाईंचं गाणं ऐकायचं तर जुन्या तबकड्यांशिवाय फारसं काही हाती लागत नव्हतं, आणि त्या तबकड्याही बाजारातून हळूहळू नाहीशा होत होत्या.

इथे गोष्ट अमेरिकेला जाते.

१९७७ साली अमेरिकेची अंतराळ संस्था नासा दोन यानं सोडणार होती, व्हॉयेजर-१ आणि व्हॉयेजर-२. गुरू, शनी वगैरे ग्रह बघून ती पुढे जात राहणार, परत येणार नाहीत. मग कुठे दूरवर कोणाला सापडलीच तर आपण कोण हे कळावं म्हणून प्रत्येक यानावर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एक तबकडी लावायचं ठरलं. हे काम शास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्याकडे आलं. तबकडीवर पृथ्वीचे आवाज, फोटो, ५५ भाषांतले नमस्कार, त्यात आपल्या मराठीतलाही आहे, आणि जगभरातलं जवळजवळ ९० मिनिटांचं संगीत. अख्ख्या जगातून गाणी आणि वाद्यसंगीत मिळून २७ तुकडे निवडायचे. हाताशी वेळ काही महिन्यांचा.

भारतातून काय घ्यायचं? रॉबर्ट ब्राउन नावाचे अमेरिकन संगीत अभ्यासक होते, आपल्या संगीताचे जाणकार. त्यांनी एकच नाव पुढे केलं. केसरबाई केरकर, भैरवी, जात कहाँ हो. भारतीय शास्त्रीय संगीताचं याहून चांगलं ध्वनिमुद्रण त्यांच्या माहितीत नव्हतं.

निवड झाली, पण तबकडी मिळेना. ती बाजारातून कधीच गेलेली. न्यूयॉर्कमधली रेकॉर्डची दुकानं पालथी घातली, कुठेच नाही. सेगन यांच्या गटातल्या ॲन ड्रूयन यांनी शोध सोडला नाही. शेवटी लेक्सिंग्टन अव्हेन्यूवर एका भारतीय कुटुंबाचं दुकान सापडलं. गाण्याचं दुकान नव्हे, घरगुती विजेच्या उपकरणांचं. तिथे एका टेबलावर कापड टाकलेलं, आणि त्या टेबलाखाली तपकिरी पुठ्ठ्याच्या खोक्यात केसरबाईंच्या तबकडीच्या तीन प्रती. पाकीटही न फोडलेल्या. दुकानदाराने भारतातून आणलेला तो माल खपला नव्हता, म्हणून टेबलाखाली राहिला. न खपल्यामुळेच सापडला.

व्हॉयेजर-२ निघालं २० ऑगस्ट १९७७ ला. व्हॉयेजर-१ निघालं ५ सप्टेंबरला. केसरबाई १६ सप्टेंबरला मुंबईत वारल्या, पंच्याऐंशीव्या वर्षी. म्हणजे दुसरं यान सुटून फक्त अकरा दिवस झाले होते.

व्हॉयेजर-१ आज पृथ्वीपासून २४०० कोटी किलोमीटरच्याही पुढे गेलंय. तिथून निघालेला संदेश, उजेडाच्या वेगाने, इथे पोचायला जवळपास एक अख्खा दिवस लागतो. २०१२ साली ते सूर्याच्या प्रभावाच्या कक्षेतून बाहेर पडलं, व्हॉयेजर-२ पडलं २०१८ मध्ये. यानातली वीज आता संपत चाललीय, एकेक यंत्र बंद करावं लागतंय. तबकडीला मात्र वीज लागत नाही. ती वाजवायची सुई आणि कशी वाजवायची त्याची चित्रं सोबत दिलेली आहेत. सुमारे ४० हजार वर्षांनी ही यानं दुसऱ्या एखाद्या ताऱ्याच्या त्यातल्या त्यात जवळून जातील.

त्याच सोन्याच्या तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन नावाच्या एका अंध काळ्या गवयाचं गाणं आहे. अमेरिकेच्या दक्षिण भागात रस्त्यावर, चर्चपुढे गाणारा हा माणूस. १९२७ साली त्याने एक गाणं भरलं, त्यात शब्द नाहीत, नुसतं हुंकारणं आणि गिटार. १९४५ मध्ये तो गरिबीत वारला. पुढे अमेरिकेत जुन्या तबकड्यांच्या नादी लागलेल्या लोकांनी दारोदार फिरून, माळे-तळघरं धुंडाळून असल्या गवयांची गाणी पुन्हा बाहेर काढली. आत्म्यातून गाणाऱ्या या काळ्या गायकांच्या कितीतरी तबकड्यांची एखाद-दुसरीच प्रत उरलेली होती. काही गाणी भरली गेली पण कंपनीने बाजारात आणलीच नाहीत, ती तशीच पडून राहिली आणि कितीतरी वर्षांनी कोणीतरी ऐकली. त्या गवयाचं आणि केसरबाईंचं गाणं एकाच तबकडीवर शेजारधर्म पाळून निघालंय.

पृथ्वीवरच्या माणसांना मात्र ही सोन्याची तबकडी रेकॉर्डच्या रूपात विकत मिळायला ४० वर्षं लागली. २०१७ मध्ये ओझ्मा रेकॉर्ड्स या अमेरिकन कंपनीने मूळ फितींवरून तिची प्रत काढली. त्यासाठी आधी लोकांकडून वर्गणी जमवली होती. पुढच्याच वर्षी त्या संचाला ग्रॅमी पुरस्कार मिळाला. केसरबाईंचं नाव कधीही न ऐकलेल्या हजारो घरांत त्यांची भैरवी वाजली.

भारतातही शोध चालूच होता. मुंबईत १९९० साली जुन्या रेकॉर्ड जमवणाऱ्यांची एक संस्था उभी राहिली, सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स. चोर बाजारातून, जुन्या वाड्यांतून, भंगाराच्या गोदामांतून या मंडळींनी तबकड्या सोडवल्या. केसरबाईंच्या जुन्या प्लेटांची गाणी एकत्र करून कॅसेट आणि सीडी निघाल्या. आणि ज्या टेपवर बाई चिडायच्या त्या खासगी मैफलींचीही काही ध्वनिमुद्रणं संग्राहकांच्या कपाटांतून पुढे आली. त्यांत राग साडेतीन मिनिटांत आटपायची घाई नाही. बाईंच्या मनाविरुद्ध टिकलेलं हे गाणं ऐकावं की नाही, यावर जाणकारांत वाद होऊ शकतो. पण ते टेप नसते तर केसरबाई लांबवर कशा गायच्या ते आज कोणालाच कळलं नसतं, हेही तितकंच खरं.

आपल्या भागात जपलेल्या आणि न जपलेल्या गोष्टींचा मोठा दाखला नागावच्या शेजारीच आहे. आक्षीचा शिलालेख. शके ९३४, म्हणजे इसवी सन १०१२ चा, मराठीतला सर्वांत जुना शिलालेख असं अनेक अभ्यासक मानतात. तो कितीतरी वर्षं रस्त्याच्या कडेला ऊन-पाऊस खात उभा होता, शेजारून एसटी जायची. दगड होता म्हणून टिकला. प्लेट दगडाची नसते.

जुनी प्लेट बनते लाखेची, बांगड्यांना वापरतात त्याच लाखेची, त्यात दगडाची भुकटी मिसळलेली. उन्हात ठेवली तर वाकते, हातातून पडली तर काच फुटावी तशी फुटते. माळ्यावरून अशी प्लेट निघालीच तर ती स्पिरिट किंवा सॅनिटायझरने पुसू नका, लाख विरघळते आणि गाणं जातं. मऊ कोरड्या कापडाने धूळ काढा. एकावर एक थप्पी न लावता पुस्तकांसारख्या उभ्या ठेवा. नवीन मशीनवर वाजवून बघायचा मोह टाळा, त्या मशीनची बारीक सुई या रुंद खाचांसाठी नाही. मधल्या गोल कागदावर कंपनीचं नाव, गाणाऱ्याचं नाव आणि नंबर असतो, त्याचा दोन्ही बाजूंनी मोबाईलवर नीट फोटो काढा. नंबरावरूनच जाणकाराला कळतं की ही प्लेट सगळीकडे मिळणारी आहे की दुर्मीळ.

बहुतेक प्लेटा साध्याच निघतील. नाटकातली पदं, भजनं, जुन्या सिनेमाची गाणी, जी हजारोंनी विकली गेली. पण स्पूलची मोठी चक्रं किंवा घरी भरलेल्या कॅसेट सापडल्या तर जरा थांबा. कारण त्यावर बाजारात कधीच न आलेलं काही असू शकतं. गणपतीतला कार्यक्रम, देवळातलं कीर्तन, लग्नात धवला म्हणणारी आजी. कोकणच्या दमट हवेत फितीला बुरशी धरते, आणि बुरशी आलेली फीत मशीनला लावली की तुटते. ती आधी साफ करून घ्यावी लागते, आणि ते काम माहीतगाराचंच.

केरीला आज केसरबाईंच्या नावाची शाळा आहे. गोव्यात कला अकादमी दरवर्षी त्यांच्या नावाने संगीत समारोह भरवते. आणि ती भैरवी ऐकायला आता ना न्यूयॉर्कच्या टेबलाखाली शिरावं लागतं, ना यानात बसावं लागतं. फोनवर केसरबाई केरकर एवढं मराठीत लिहिलं की येते. साडेतीन मिनिटं लागतात. रात्री जेवणं झाल्यावर, पडवीत, हेडफोन न लावता ऐकली तर घरातली म्हातारी माणसंही ऐकतील.